आजचा रंग

सकाळी सहाला फोन लावायचा असतो.
पलीकडे माणूस नाही, मुद्रित केलेली बाई आहे,
ती एक रंग सांगते.
निळा निघाला की डॉक्टर मार्गिट स्कार्स्टाड
पेशंट सुरू व्हायच्या आत माझ्या लॅबच्या खिडकीशी येते
आणि मी तिला बाटली देते.

नियम असा की दार उघडं ठेवायचं.
नियम असा की मी बघायचं.
जिनं माझी दोन्ही बाळंतपणं केली,
दुसऱ्या वेळी तर बर्फ उपसणाऱ्या ट्रकमागून गाडी हाकत आली,
तिच्याकडे पाठ करून मी
हात धुण्याचं पोस्टर वाचते.
सही करते: प्रत्यक्ष पाहिले.
हे खोटं माझं.

तिचं चुकलं ते खरं बोलण्यात.
परवान्याचा फॉर्म, चौदावा प्रश्न:
मानसिक आजारावर कधी उपचार घेतलेत का?
कधी म्हणजे कधीही.
अठरा वर्षं लिथियम, एकही तक्रार नाही.
पत्ता लिहावा तशी सहज
तिनं ‘हो’वर फुली मारली.

मग मंडळाची पत्रं. स्वखर्चानं तपासण्या.
दारूचीसुद्धा,
आणि ही बाई नाताळातही सफरचंदाचा रस पिते.
शेवटी दावा ठोकला.
त्यात ‘अपंग’ लिहावं लागलं;
त्या एका शब्दाशी ती आठवडाभर भांडत होती.

ग्रेट फॉल्सच्या कोर्टात मंडळाचा वकील फार सभ्य होता.
म्हणाला, प्रश्न जनतेच्या सुरक्षेचा आहे.
जनता मागच्या बाकावर बसली होती,
मांडीवर कोट घेऊन.
न्यायाधीशबाईंनी विचारलं,
इन्सुलिन घेणाऱ्या डॉक्टरला तुम्ही रोज रंग सांगता?
वकिलानं कागद उलटले.
पुन्हा तेच कागद उलटले.

निकाल नाही, तारीख पडली.
परतताना साडेतीनशे मैल कापलेला गहू.
गाडी तीच चालवत होती.
माझ्या पर्समध्ये एक गोळी असते,
धाकट्याच्या जन्मापासून, तिनंच लिहून दिलेली.
माझा फॉर्म डिसेंबरात येतो.
दोघींनीही विषय काढला नाही.
पेट्रोल पंपावर तिनं मला कॉफी आणून दिली,
साखर न विचारता, बरोब्बर.

आता सहाला मीही तो नंबर लावते.
आज पिवळा.
तिचा नाही.
राज्याच्या कुठल्या टोकाला
कोण अंधारात बूट शोधत असेल.