खाटेचं भाडं

खाट श्रीहरीची. एक पाय आखूड.
त्याखाली सासऱ्यांचा धोटा सरकवलाय,
हातमागावरचा, टोकाला पितळ असलेला.
माग भंगारात गेले, धोटा राहिला
कशाला तरी टेकू द्यायला.

श्रीहरी चाकणला. गोदामात खोकी उचलतो,
अंगात कंत्राटदाराच्या नावाचं जाकीट.
म्हणतो, आम्ही सात आणि खाटा चार,
दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा आडवा,
गादी कधी गार होतच नाही, अम्मा.
हे तो हसत सांगतो.

मग इथं रिकामी खाट कशाला ठेवायची?
तौफिकला दिली. गोड्ड्याकडचा पोरगा,
आमच्यासारखाच विणणाऱ्यांच्या घरचा,
तिकडं रेशीम, इथं टॉवेल.
महिना नऊशे. पाणी धरून, जेवण सोडून.

माझा दीर अंबाजी बावीस वर्षं एकाच कारखान्यात.
बोनसचं विचारलं त्या दिवाळीत मालक म्हणाला,
"परवडंना बे आता."
पाडव्यानंतर त्याच्या मागांवर दोन नवी पोरं उभी,
बारा तास, तिथंच मुक्काम,
हजेरीच्या वहीत नाव नाही.
अंबाजी आता एटीएमबाहेर स्टुलावर बसतो.
तौफिक दिसला की मान फिरवतो.
त्याचंही खरं आहे.
चुकीच्या माणसावर रागावलाय, एवढंच;
पण बरोबर माणूस काच खाली करत नाही,
मग रागवायचं तरी कुणावर.

परवा एक जण यादी करायला आला.
हातात फाइल, गळ्यात रुमाल.
"बाहेरचे किती ठेवलेत घरात?"
मी विड्या वळत होते. हजाराचा हिशेब, हात थांबवून चालत नाही.
म्हटलं, "कुठून मोजू?
आजेसासरे करीमनगरकडून आले,
निजामाच्या मुलखातून, डोक्यावर फणी आणि भांडी घेऊन.
त्यांना धरू का सोडू?"
"ते जुनं झालं, मावशी."
"किती वर्षांनी जुनं होतं,
तेवढं लिही तुझ्या फाइलीत."

तेवढ्यात तौफिक पाळीवरून आला,
केसांत कापसाची रुई, कानात अजून खडखडाट.
"मराठी येतं का बे तुला?"
त्याला अर्धंच ऐकू गेलं.
जे शिकला होता ते बोलला,
"कोंचम कोंचम, अन्ना."
पूर्व भागात आधी तेलुगूच शिकावं लागतं,
त्याचा काय दोष?
यादीवाल्याला हसू आवरेना.
त्याची आई घरात त्याला कानडीत शिव्या घालते,
मला ठाऊक आहे,
आम्ही दोघी एकाच ब्रँचला विड्या देतो.
हसला, पण नाव लिहून घेतलं.
चुकीचं लिहिलं.

मी काही देवी नाही.
विजेचं बिल वाढलं तेव्हा मनात धरलं,
भाडं दोनशेनं वाढवायचं.
जाणार कुठं तो? खाट कुठं मिळते?
हे मीच म्हणाले, मनातल्या मनात,
आणि आवाज मालकाचा आला.

रात्री श्रीहरीचा फोन.
जेवलास का विचारलं, मग विचारलं,
खोलीची बाई कशी आहे रे?
"बरी आहे. भाडं वाढवलं तिनं.
तिचा पोरगा पण बाहेरच असतो, सुरतेला का कुठं."
फोन ठेवला.
दोनशेचे शंभर केले.
पुण्य म्हणू नका याला,
शंभर घेतलेच.

काल मध्यरात्री त्यानं कूस बदलली,
धोटा निसटला, खाट कलली.
मी झोपेतच म्हणाले, "श्रीहरी, हळू."
अंधारातून आवाज आला, "हां अम्मा."
मी चूक दुरुस्त केली नाही.
पानं भिजत घालायची राहिली होती,
उठलेच होते, ती घातली.