पाणसळ

रायबंदरच्या धक्क्यावर ओहोटी होती.
टेम्पो फेरीबोटीत शिरला तो नाक खाली घालून,
आणि मागच्या तीन पाट्या
आवाज न करता चार बोटं पुढे सरकल्या.
कुरकुरणाऱ्या दगडाला भिऊ नये, गप्प दगडाला भ्यावं,
असं आमचा वासू म्हापणकर म्हणतो.
त्याच्या डाव्या पायाला साडेतीन बोटं आहेत.

पाटी म्हणजे तीच, शाळेतली काळी,
फक्त अंगठाभर जाड
आणि वासूपेक्षा जड.
तीन जोडल्या की एक टेबल.
हिच्यावर कोणी श्री गिरवणार नाही,
हिरवं कापड ताणलं की
ती आहे हेसुद्धा कोणाला दिसणार नाही.

दिवाडीवर आर्नाल्द मिनेझिसचं घर, माडी वरती,
आणि माडीला जिना म्हणजे शंखाचं पोट.
मी टेप लावली. पुन्हा लावली.
वासूनं टेपकडे पाहिलंच नाही.
तो मधल्या वळणावर उभा राहिला, कोपरं पसरून,
आणि खाली येऊन विडी पेटवली.

तेव्हा एर्मेलिंदबाई बाल्कांवातून म्हणाली,
पंखा न थांबवता,
"जिन्यानं काय विचारता?
ह्याच्या बापाला कुठून उतरवला होता?"
आर्नाल्दनं वर पाहिलं.
नदीच्या बाजूची खिडकी.
तिच्या चौकटीवर दोरखंडानं घासलेली खाच
अजून होती, रंगाचे दोन हात बसूनही.

मग विहिरीची कप्पी निघाली,
पाडेली बोस्त्यांवचा दोर आला,
पोदेर सायकल भिंतीला लावून बघत राहिला
आणि बघता बघता दोराला लागला.
पहिली पाटी हवेत फिरली, सावकाश,
तिच्या काळ्या अंगावर आंब्याचं झाड, मग आभाळ,
मग आमची वर केलेली तोंडं.
म्हातारीनं एकदाच कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला.
जड वस्तू त्या खिडकीतून
घरात येताना तिनं प्रथमच पाहिली असावी.

सांध्यांत भरायला मेण हवं.
माझा डबा दुकानातच राहिला होता.
(वासू यावर अजून बोलतो.)
तिनं फेस्ताच्या उरलेल्या मेणबत्त्या दिल्या, बुडखे सगळे,
काहींच्या वाती अजून लांब.
मी वितळवून ओतलं, पात्यानं खरवडलं,
डोळे मिटून बोट फिरवलं,
कुठे एक पाटी संपते ते कळेनासं होईपर्यंत.

पण घर नदीकडे कललेलं.
कोणी मोजलं नव्हतं, म्हणून सगळे सरळ उभे होते.
पाणसळ ठेवली की बुडबुडा पळे भिंतीकडे,
हट्टी पोरासारखा, पुन्हा पुन्हा.
एका पायाखाली फळी, मग पत्रा,
मग पत्त्यांच्या जुन्या जोडातली चौकटची सत्ती,
मग तीच अर्धी कापून.

आर्नाल्द दारात उभा.
"बावीस वर्षं बोटीवर काढली," तो म्हणाला,
"तिथंही टेबल होतं. चेंडू ठेवावा एका जागी,
तो जायचा समुद्राला हव्या त्या जागी.
मला खेळायचं असं नाही फारसं."
पुढे तो काही बोलला नाही.
मी बाकीची अर्धी सत्ती सरकवली.

संध्याकाळी कापड ताणून झालं.
त्यानं पांढरा चेंडू मधोमध ठेवला
आणि हात काढून घेतला,
झोपलेल्या बाळाखालून काढतात तसा.
खाली पंखा थांबला.
पोदेरचा भोंगा दूर कुठे वाजला.
चेंडू होता तिथंच होता.

परतीच्या फेरीला भरती लागली होती.
टेम्पो रिकामा, हलका, पाण्यासोबत डुलणारा.
वासू झोपला. मी उगाच
पाणसळ मागच्या फळीवर ठेवली.
बुडबुडा पैलतीरापर्यंत फिरत होता,
इकडे, तिकडे,
आणि मी त्याला काही म्हटलं नाही.