पेवातले तारे

आवटी मास्तरांच्या घरच्या पोथीत होतं,
खोल विवरातून भरदुपारी तारे दिसतात.
चार पिढ्यांनी मान डोलावली होती.
मास्तर म्हणाले, उतरून बघू.

हरिपुरात पेवाचं तोंड फोडलं,
हळदीचा कोंडलेला दर्प अंगावर आला.
यल्लाप्पा सनदीनं आम्हाला मागं सारलं,
दोरीला बांधून आधी कंदील सोडला.
दोन पुरुष खाली गेला आणि विझला.
"आतली हवा मेलीया. थांबा जरा."

थांबलो. पुन्हा कंदील.
तिसऱ्या खेपेला जळत राहिला.
मास्तर वहीत टिपत होते: वेळ, दोरी, ज्योत.

मग उतरले. मान अवघडेस्तोवर वर पाहिलं.
घागरीच्या तोंडाएवढं आभाळ,
पांढरं, कोरं.
एक घार गेली, तेवढीच.

वर आले ते पिवळ्या धोतरानं.
"तुला दिसलेत कधी?"
"न्हाई की. तीस वर्सं उतरतोय.
पन इचारलं कुनी?"

मास्तरांची पेन्सिल बराच वेळ अधांतरी.
मग 'पाहणारा' या रकान्यात
स्वतःच्या नावाच्या वर
त्यांनी त्याचं नाव घातलं,
आडनावासकट.

यल्लाप्पा तोवर
शेणमातीनं तोंड लिंपायला लागला होता.