नेनी

तू विचारलंस, प्रणिता,
वहीवरची नजर न काढता:
"सर, वाचलेलं ऱ्हात का नाही?
रात्री येतंय, खरं सकाळी जातंय."

मी तुला बदाम सांगू शकलो असतो,
ब्राह्मीच्या गोळ्या, पहाटे साडेचारचा गजर.
माझ्याही बापानं आणली होती एक बाटली
शनिवार खुटावरच्या दुकानातून.
"दोन चमचे, दुधातून, हलवून घ्यावे"
एवढं मात्र अजून पाठ आहे.

वडगावात आमच्या घरी माग दोन
आणि खोल्या दीड.
खटक-धडक, खटक-धडक,
त्या ठेक्यावर मी संयुजा पाठ करायचो:
सोडियम एक, खटक, कॅल्शियम दोन, धडक.
लोखंडाचं काही ठरत नव्हतं, दोन की तीन,
तिथे दर वेळी धोटा अडकायचा.
वीज गेली की सगळी गल्ली बहिरी
आणि माझ्या डोक्यातलं रसायनशास्त्रही
दिव्याबरोबर विझायचं.

शेजारच्या नीलव्वाला मराठी यायचं बाजारापुरतं,
मला कानडी भांडणापुरतं.
रंग द्यायच्या आदल्या रात्री
ती सुताच्या लडी पाण्यात दाबून ठेवायची, वर दगड.
एकदा माझा ओरडा ऐकून दारातूनच म्हणाली,
"कोरड्या सुताला रंग लावूलास की रे.
वर-वर बसतंय. धुतलं, गेलं.
नेनी हाक."

नेनी हाक म्हणजे भिजत घाल.
नेनपु म्हणजे आठवण.
दोन्ही शब्द एकाच पाण्यातले
की नुसते सारखे दिसणारे शेजारी,
मला माहीत नाही, व्याकरणात मी काठावर पास.
खरं त्या रात्री मी पुस्तक मिटलं
आणि मिटलेल्या पुस्तकाला विचारलं,
काय होतं रे तुझ्यात?
चार ओळी आल्या. बाकी अंधार.
पण अंधार नेमका कुठल्या पानावर आहे
ते पहिल्यांदाच कळलं.
तेवढंच पान उघडलं, पाहिलं,
आणि झोपलो. वर दगड.

एक दिवस सोडून पिळून पाहिलं,
मग आठवड्यानं,
मग मंगाईच्या जत्रेनंतर, कानात पाळण्यांचा कर्कश भोंगा असताना.
दर वेळी थोडा रंग उतरला,
दर वेळी आधीपेक्षा कमी.
आपल्यात भिजत घोंगडं म्हणजे आळशाचं लक्षण.
नीलव्वाच्या घरी तोच कामाचा पहिला दिवस.

परीक्षेचा नंबर आला शहापुरात.
तिथे इतकी शांतता
की माझी पेनसुद्धा दचकली.
लोखंड?
आलं नाही.
मग बाकाखाली, मांडीवर, बोटांनीच
खटक-धडक सुरू केलं.
सुपरवायझर कानडीत ओरडले,
मी मराठीत थांबलो.
तोवर धोटा पार गेला होता:
दोन आणि तीन. दोन्ही!
इतके दिवस मी त्याला
उगाच एका बाजूला ढकलत होतो.

मार्क एकसष्ट. सांगायला लाज नाही.
माग पुढे भंगारात गेले, किलोवर.
त्यांच्या जागी आता हा तुमचा क्लास,
फळा आहे तिथे ताणा असायचा.
आणि एक चूक मागाहून कळली,
ती तू करू नकोस:
एकाच आवाजाला सगळं बांधून ठेवू नये.
कधी गच्चीवर म्हण, कधी बसमध्ये,
कधी धाकट्या भावाला शिकव,
तो "का?" विचारेल तिथे तुझं कच्चं आहे.

वही मीट.
सांग आता, काय वाचलंस.
मी ऐकतो. अडलीस तर अडू दे,
लगेच उघडायचं नाही.

"खरं सर," तू म्हणालीस,
"आमच्यात माग नाही."
मग काय आहे?
तू जरा वेळ छताकडे पाहिलंस,
जणू तेही पाठ केलेलं आठवावं लागतंय.
"वॉशिंग मशीन आहे.
ते फिरायला लागलं की चालतं सगळ्या घरभर."

बसव त्यावर.
पाणी आहे त्यात.