पंचवीसपर्यंत

साथ अजून आलेली नव्हती.
परिपत्रक आलं होतं.
मी त्यावर आवक क्रमांक टाकला,
बेचाळीस नावांची यादी टाइप केली,
आणि गुरुवारी अकराला सगळे सेमिनार हॉलात,
जो तो पंख्याखालची खुर्ची धरून.
बाहेर एप्रिलातलं सोलापूर.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.

महापालिकेच्या डॉ. मुल्लाबाई दारातच उभ्या,
सहीचं पेन ज्याच्या त्याच्या हातात देत.
इतकंच. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग त्यांनी सांगितलं
ताप घेऊन आलेल्या मुलाला कुठं बसवायचं.
(इतिहासाची खोली ठरली.
इतिहासाला यंदा सातच मुलं आहेत.)
घरी फोन कुणी करायचा, आवाज कसा ठेवायचा,
आणि तेच वाक्य मराठीत, कानडीत, तेलुगूत, उर्दूत
आमच्याकडून चारदा म्हणवून घेतलं :
घाबरू नका, पण आत्ता न्यायला या.
ग्रंथपाल गवसाने विचारते झाले,
परत आलेली पुस्तकं उन्हात घालायची का?
क्षीरसागर सर म्हणाले, या उन्हात
विषाणू सोडा, भौतिकशास्त्रसुद्धा टिकत नाही.

हात धुवायचे, वीस सेकंद. बोटांच्या बेचक्यात. नखांखाली.
“नळ सोमवारी आला होता,”
मागून प्रयोगशाळेचा अंबादास.
“आता येईल तो शनिवारी.”
हॉल हसला.
बाई हसल्या नाहीत. वहीत काही लिहिलं.

चहा झाला. बिस्किटं झाली.
“पडदे ओढा,” त्या म्हणाल्या, आणि पर्समधून
जांभळ्या उजेडाची बॅटरी काढली.

पेनाला पावडर लावलेली होती.

प्राचार्य हिरेमठांचं नाक हिरवं चमकलं.
मोबाइल चमकले, चष्म्याच्या काड्या,
क्षीरसागर सरांचं टक्कल.
सेवाज्येष्ठतेवरून तीन वर्षं
एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघांच्या बोटांवर
बिस्किटांच्या एकाच ताटलीचा उजेड.
माझ्या गळ्यातल्या मण्यांवर पण.
मी त्यांच्याशी चाळा करते
हे मला तोवर माहीत नव्हतं.

हशा. शिट्टीसुद्धा कुणीतरी.

मग बॅटरी दाराकडे वळली.

नागमणी ट्रे घेऊन उभी होती,
बेचाळीस उष्टे कप.
दोन्ही हात कोपरापर्यंत पेटलेले.
पदराचं टोक. कपाळावर एक आडवा पट्टा,
जिथं तिनं मघाशी घाम पुसला होता.
ती घाबरून हात मागे घेऊ लागली
तसे कप वाजले.

“यांचं नाव?”
बाईंनी यादी पाहिली. मीही पाहिली, माझीच.
नागमणी बोद्दुल ठेकेदाराकडची.
ठेकेदाराची माणसं आस्थापनेच्या यादीत येत नाहीत.
नियम मला पाठ आहे, शासन निर्णयाच्या तारखेसकट.
मास्क, मोजे, साबणाची बाटली,
पेट्या बेचाळीसच आल्या होत्या.

दिवे लागले. कुणी काही बोललं नाही.
प्राचार्यांनी आभार मानायला सुरुवात केली.

मी मागच्या व्हरांड्यात गेले.
पिंपाच्या तळाशी सोमवारचं पाणी होतं,
वाकून, कमरेपर्यंत आत जाऊन काढावं लागलं.
तांब्या मी धरला. माझी पेटी मी फोडली होती,
साबण तिच्या तळव्यावर ओतला.
“वीसपर्यंत मोज,” मी म्हटलं.

ती मोजू लागली, हळू, तेलुगूत,
ओकटी, रेंडू, मूडू,
बोटं एकमेकांवर वळत होती तशीच
जशी आईच्या सुपाशेजारी बसून वळली असतील,
तंबाखू, पान, दोरा, एक गाठ.
वीस झाले. ती थांबली नाही.
इरवै ओकटी. इरवै रेंडू.
“बास की गं,” मी म्हटलं, “पाणी संपेल.”

“कट्टा पंचवीसचा असतो, मॅडम,” ती म्हणाली.
“मधे सोडला तर मोजत नाहीत.”

मी तांब्या तसाच तिरका धरून उभी राहिले.