सराफ्यातली धूळ

झांझरींच्या पेढीचं शटर साडेनऊला वर जातं.
त्याआधीची पंधरा मिनिटं माझी.
पायरीवर बसतो, डबा मांडीवर,
आणि देवबापाला म्हणतो, आजचा दिवस तुझा.
म्हणेपर्यंत तो माझा झालेला असतो.

पहिला विचार टेम्पोच्या भाड्याचा.
दुसरा सलोमीच्या गुडघ्याचा.
तिसरा येतो तो नाथनच, माझा धाकटा भाऊ.
परदेशीपुऱ्यातल्या दोन्ही खोल्या त्याने स्वतःच्या नावावर करून घेतल्या
आणि दर नाताळला केक पाठवतो,
संत्र्याची साल घातलेला.
सहा वर्षं झाली. केक चांगला असतो.
तेच मला सहन होत नाही.

पाळकसाहेब म्हणाले होते,
वाईट विचार दारातूनच परतवा.
परतवले. कितीदा परतवले.
कीर्दीत खोडलेली ओळ
उजेडात धरली की जास्तच वाचता येते,
तसं झालं.

पेढीवर माझं काम वजनं लिहिण्याचं.
शेठ काट्यावर ठेवतात, मी ग्रॅम लिहितो, मिलिग्रॅम लिहितो.
काळ्या दगडावर दागिना घासला की रेघ उमटते,
रेघेवर तेजाबाचा थेंब.
खोटी असेल ती उडून जाते.
बरीच वर्षं वाटायचं, विश्वास म्हणजे हाच थेंब.
मनातलं एकेक घासून पाहायचं
आणि उडालेल्या रेघा मोजत बसायचं.
रविवारी छावणीच्या देवळात शेवटच्या बाकावर
मी असाच असायचो,
पोळलेल्या दगडासारखा.

मग हमीदनबी.
ती माझ्याही आधी आलेली असते.
ताठ झाडू, तारांचा ब्रश, पत्र्याची पाटी.
रात्री इथे खाणारी गर्दी; सकाळी उरतात
द्रोण, भुट्ट्याच्या किसाचे चिकट डाग, सांडलेली रबडी,
चुना, थुंकी,
आणि त्यातच कुठेतरी
कारागिरांच्या कानशीतून उडालेलं सोनं.
ती सगळंच गोळा करते. निवडत नाही.
"बाबूजी, पाँव उठाओ," म्हणते
आणि माझ्या चपलेखालचंही नेते.

एकदा विचारलं, एवढी घाण कशाला नेतेस घरी?
हसली. "फेंक दूँगी तो वो भी तो जाएगा."
मग नळाशी उकिडवी बसून पाटी हलवत राहिली.
पाणी काळं, पाणी राखाडी,
पुन्हा पाणी.

त्या दिवशी नाथन आला तेव्हा मी त्याला परतवला नाही.
शेजारी पायरीवर बसू दिला.
म्हटलं, प्रभू, हा घे,
आहे तसा, खरकट्यासकट.
मला यातलं काही निवडता येत नाही.

आणि दिसलं. दृष्टान्त वगैरे नाही, आपलं दिसलं.
गटाराच्या कडेला तो उकिडवा बसलाय,
कंबरेला पंचा, बाह्या वर,
त्या रात्री शिष्यांच्या पायांशी बसला होता तसा,
आणि माझा राग पाटीत हलवतोय.
आधी गेल्या खोल्या, स्टँपपेपर, सही.
मग लोक काय म्हणतात ते गेलं.
बऱ्याच पाण्यानंतर तळाशी एक कण:
आठ वर्षांचा नाथन, टायफॉइडने फणफणलेला,
मिशन हॉस्पिटलच्या व्हरांड्यात
माझं बोट मुठीत धरून झोपलेला,
आणि तो जागा होईल म्हणून
मी रात्रभर लघवीला न गेलेला.

आमच्या काट्यावर एवढं वजन
आलंच नसतं.

भावाशी मी अजून बोललेलो नाही. खोटं कशाला सांगू.
खोल्या त्याच्याच नावावर आहेत.
उद्याही तो येईल, भाड्यानंतर, गुडघ्यानंतर,
आणि पहिल्याने माझं डोकं तापेलच.
पण हल्ली डबा बाजूला ठेवतो.
झाडूचा आवाज जवळ आला
की पाय उचलतो.