आज किती?

टॉवेलच्या दुकानावर दोन खोल्या.
एक झोका, एक मोठा चेंडू, भिंतीला टेकवलेली गादी.
बाहेर पाटी : व्यवसायोपचार केंद्र.
नागमणी यमूल पाटीखालीच थांबली.
"कुठला व्यवसाय शिकवालाव ओ तुम्ही?
नऊ वर्षांचा हाय. आत्ताच कामाला नको."
तिच्या बोटांना तंबाखूचा वास,
रोजच्या हजार विड्यांचा.
मी म्हटलं, खेळणं, जेवणं, रांगेत थांबणं,
हरून घरी जाणं, हाच पोराचा व्यवसाय.
सांगताना माझं मलाच पुस्तकी वाटलं.

साईचरणने शाळेत बाक उलटा केला होता.
का? तर घंटा.

पहिले दोन महिने नुसतं ढकलणं.
भिंत ढकल. ओला टॉवेल पीळ.
उखळात शेंगदाणे कूट, जोरात, अजून जोरात.
चटणी कधीच धड झाली नाही,
पण कानाला चिकटलेले खांदे
बोटभर खाली आले.
दप्तरात कडक भाकरीचा तुकडा ठेवायचा.
घंटा झाली की दाताखाली घ्यायचा,
आपल्याच डोक्यात एवढी कडकड
की बाहेरचं सगळं त्यात बुडतं.

वजनदार पांघरूण हवं होतं. किंमत आठ हजार.
मी खालून दोन चादरी आणल्या,
एकीवर एक ठेवून शिवल्या.
इकडून पांढऱ्यावर निळा मोर,
तिकडून निळ्यावर पांढरा.
तो आत शिरला
आणि मोराच्या मानेवरून बोट फिरवत
अर्धा तास राहिला.

चेहऱ्यांची चित्रं मात्र वाया गेली.
हसरा, रडका, रागावलेला.
"याला काय वाटतंय?"
"हा कागद आहे."
एकदाच म्हणाला, "कोपम्", आईच्या भाषेत,
पोटावर हात ठेवून.
मग पुन्हा कागद.

एप्रिलात खालच्या दुकानात पेपर उघडा पडला होता.
सोलापूर त्रेचाळीस पूर्णांक दोन.
जिना चढून आला, म्हणाला, "माझं चव्वेचाळीस."
मी चित्रं कपाटात टाकली.
चौतीस म्हणजे ठीक.
अडतीसला खुर्ची हलायला लागते.
एक्केचाळीसला पाणी, भाकरी, भिंत.
चव्वेचाळीसला चादर,
आणि कुणी बोलायचं नाही, बाईंनीसुद्धा.

गुरुवारी शिफा बागवान येते.
ती थांबत नाही, हा सुरू होत नाही.
चेंडू ज्याच्या हातात, त्याने बोलायचं :
शिफाने मामाच्या लग्नातली सगळी ताटं सांगितली,
साईचरणने चेंडू मिळताच
पोटाशी धरून ठेवला. वीस मिनिटं.

एका गुरुवारी बाप आला, रात्रपाळीवरून थेट,
भुवयांवर सुताची पांढरी लव.
मागावर ऐकू कमी झालंय, म्हणून अंबादास ओरडून बोलतो,
ओरडला की पोरगा कान झाकतो.
घरात दोघांचं बोलणं असं नाहीच.
त्याने खिशातून जुना धोटा काढला,
फरशीवरून सरकवला पोराकडे.
थांबला.
पोराने परत सरकवला.
मग शिफाकडे, मग परत.
"एकाच बाजूला राहिला तर कापड होत न्हाई,"
एवढंच बोलला, आणि त्याच्या मानाने हळू.
धोटा ठेवून गेला. आम्ही चेंडू वापरत नाही आता.

हे बरं झाल्याची गोष्ट नाही.
जूनमध्ये घंटा बदलली, बाक पुन्हा उलटला.
शिफा एक दिवस रडून गेली.

पण मधला एक मंगळवार आहे :
लाइट गेलेली, पंखा बंद,
फोनवर घरमालक, भाडं, पुन्हा भाडं.
मी फोन ठेवला, पेनाचं टोपण चावत बसले.
झोक्यावरून, माझ्याकडे न बघता,
"तुमचं आज किती?"
"तीस," मी म्हटलं.
तो टोपणाकडे बघत राहिला.
मग उतरला,
पायाने चादर ढकलत, ढकलत
माझ्या खुर्चीपर्यंत आणली.
घामाने कपाळ निथळत होतं.
मी घेतली.